पलीकडच्या काठाचे दगड

त्या वर्षी आमच्या घरात येणारी प्रत्येक वस्तू बाबा आधी ठोकून बघत. जुन्या सामानाच्या दुकानातून आणलेलं टेबल, चहाचे मग, कलिंगड, दारं, भिंती, सगळ्यांवर बोटाचं पेर वाजवायचं, मान एका बाजूला कलती करायची आणि निकाल द्यायचा : खणखणीत किंवा बद्द. आई म्हणायची, "आता माझं डोकं तेवढं ठोकायचं राहिलं तुमचं." त्यावर बाबा अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणत, "ते लग्नाआधीच पाहिलं होतं." आम्ही तेव्हा लंडनला राहत होतो. लंडन म्हटलं की अमरावतीचे नातेवाईक अजूनही राणीच्या राजवाड्याबद्दल विचारतात, म्हणून सांगते, हे ओंटारिओमधलं लंडन. आमचं घर म्हणजे एका पंजाबी कुटुंबाचा बेसमेंट. खिडक्या छताला लागून आणि जमिनीच्या पातळीवर, त्यामुळे बाहेरचं जग आम्हाला घोट्यापर्यंतच दिसायचं. घर तापवणारी फर्नेस सुरू झाली की पाइपांमधून टक् टक् आवाज यायचा. बाबा एकदा झोपेतसुद्धा तो ऐकून "बद्द" म्हणाले होते, असं आई शपथेवर सांगते.

बाबा अमरावतीला सरकारी नोकरीत पुलांचे इंजिनियर होते. मेळघाटातल्या, इंग्रजांच्या वेळच्या दगडी कमानी त्यांनी वीस वर्षं तपासल्या होत्या. इथे आल्यावर मात्र ते प्लास्टिकचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात शिफ्टवर उभे राहत. इंजिनियरचं लायसन्स मिळवायला इथला एक वर्षाचा अनुभव हवा, तो कुणी इंजिनियरने लिहून द्यायला हवा, आणि अनुभव नाही म्हणून अनुभव देणारी नोकरी मिळत नाही, असा तो पेच होता. आई नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांना अंघोळी घालायची. कारखान्यातून आलेले बाबा हातमोजे काढून रेडिएटरवर वाळत टाकायचे, तेव्हा ती त्यांच्याकडे बघायची नाही, पोळी उलटायची. मी पंधरा वर्षांची होते आणि मला ते सगळं दिसत असे, पण पंधराव्या वर्षी दिसणं आणि कळणं यांत बरंच अंतर असतं.

मग एका छोट्या फर्मचा मालक, डग, बाबांना भेटला. लंडनपासून तासाभरावर एक जुनी रेल्वेची वाट होती. रूळ कधीच काढून नेलेले, नुसती खडी आणि तिच्यातून उगवलेली झुडपं. तिथल्या गावाला त्या वाटेची फिरायची पायवाट करायची होती आणि मधले तीन दगडी पूल कुणीतरी दगड न् दगड तपासून द्यायला हवे होते. डगच्या माणसांना कॉंक्रीट कळायचं, दगड नाही. तो बाबांना म्हणाला, शनिवारी शनिवारी हे काम करा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुमच्या जबाबदारीवर, आणि नीट झालं की मी तुम्हाला कायमचं घेतो, वर्षभराचा अनुभवही लिहून देतो. त्या संध्याकाळी आईने शिरा केला. बाबांनी कपाटातून आपली जुनी हातोडी काढली. अमरावतीहून येताना वजनाच्या भीतीने आईने माझी पुस्तकं मागे ठेवली होती, पण ही दोन किलोची हातोडी आणि तिची धाकटी बहीण, अर्ध्या किलोची, दोघी साड्यांमध्ये गुंडाळून आल्या होत्या.

मी लिहून घ्यायला जायचे. पहाटे आई डबा भरायची : भाकरी, झुणका, ठेचा, आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा. गाडीत काचा वर असल्यामुळे ठेच्याचा वास इतका कोंडायचा की दुपारपर्यंत माझ्या केसांना येत असे. हायवे सोडला की कापलेल्या मक्याची शेतं लागायची, मग एक बंद पडलेलं चर्च, मग मातीचा रस्ता, आणि शेवटी ती वाट. तिच्यावर पाऊल ठेवलं की आवाज बदलायचा. दोन्ही बाजूंनी देवदारासारखी झाडं इतकी दाट वाढलेली की वारा वरच्या वर जायचा आणि खाली आपल्याच पायाखालची खडी तेवढी ऐकू यायची. वाट सरळ होती, एवढी सरळ की पुढे कुणी येत असतं तर अर्धा तास आधी दिसलं असतं. कुणी यायचं नाही. तरी बाबा मधेच थांबून मागे बघायचे. मी विचारलं तर म्हणाले, "रेल्वेची वाट आहे नं बेटा. सवय." रूळच नसलेल्या वाटेवर गाडी येईल ही भीती मला तेव्हा हसण्यासारखी वाटली.

तिसरा पूल सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत लांब होता. दोन कमानी, खाली ओढा, दगड करडे आणि शेवाळलेले. बाबांची पद्धत अशी : दगडावर खडूने आकडा घालायचा, मराठी आकडा, कारण वीस वर्षांच्या सवयीने हाताला तोच येई. मग हातोडी मारायची. आवाज खणखणीत आला तर आकड्याखाली 'ख', बद्द आला तर 'ब'. बद्द म्हणजे दगड आतून फुटलाय किंवा मागचा चुना वाहून गेलाय. मी तेच वहीत उतरवायचं. चार शनिवारांत माझा कानही तयार झाला. दोन दगडांमधला फरक मला डोळे मिटून सांगता यायचा. बाबांना त्याचं एवढं कौतुक की ते कारखान्यातल्या फिलिपिनो मित्राला फोनवर सांगत होते, "माय डॉटर हॅज द इयर." पाचव्या शनिवारी त्यांनी मला धाकटी हातोडी दिली आणि म्हणाले, "पलीकडच्या काठाचे खालचे तीन थर तू कर. एकशे अडतीसपासून. मी कमानीखाली आहे."

आता जे लिहायचं आहे ते मी इतक्या वर्षांत कुठेही लिहिलेलं नाही. त्या दिवशी हवेत बर्फाचे कण होते, ओढ्याच्या कडेला बसून बसून माझी बोटं बधिर झाली होती, आणि शाळेतल्या मुली त्याच वेळी मॉलमध्ये होत्या. त्यांचे मेसेज मिनिटामिनिटाला माझ्या फोनवर येत होते. मी पहिले पंधरावीस दगड नीट ठोकले. मग एक सोडून एक. मग नुसतेच आकडे घातले आणि खाली 'ख', 'ख', 'ख'. एकशे नव्वदपर्यंत. वहीतही तसंच. सगळा काठ खणखणीत. बाबा चिखलाचे बूट वाजवत आले, वही बघितली आणि माझ्या टोपीवरून हात फिरवला. मला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर नाही वाटलं. मला भूक लागली होती.

पुढच्या शनिवारी आम्ही पोचलो तेव्हा वाटेवर पातळ बर्फ होता आणि त्यावर एकही पाऊल नव्हतं. बाबा पलीकडच्या काठाकडे गेले आणि उभेच राहिले. मी जिथे थांबले होते, एकशे नव्वदला, तिथून पुढे आकडे गेले होते. १९१, १९२, १९३. मराठीत. दोनशे चारपर्यंत. प्रत्येकाखाली 'ख' किंवा 'ब'. अक्षर आमचं नव्हतं. लिहिल्यासारखं नव्हतंच ते, चित्र काढल्यासारखं होतं : 'ब'चं पोट आधी गोल काढलेलं, मग त्यात तिरकी रेघ, आणि शिरोरेषा शेवटी, जरा लांब राहिलेली.

"तू केलं का हे?" बाबांनी विचारलं.

"मी कशाला करू?"

"मग इथं मराठी कोण आहे?" ते हसायला गेले, पण हसू अर्ध्यात थांबलं. त्यांनी हातोडी घेतली आणि ते चौदा दगड ठोकून पाहिले. चौदाच्या चौदा बरोबर होते. बाबांनी मग झाडांकडे तोंड करून मोठ्याने "हॅलो?" म्हटलं. कमानीने तो आवाज परत दिला, बाकी काही नाही.

पण खरी भीती मला त्यानंतर वाटली, आणि ती मला एकटीलाच वाटायची होती. बाबा कमानीखाली गेल्यावर मी माझ्या तीन थरांकडे पाहिलं. माझे काही 'ख' ओल्या बोटाने पुसले होते आणि तिथे तो गोल पोटाचा 'ब' काढला होता. मी मोजले, सतरा. जे दगड मी नीट ठोकले होते त्यांतल्या एकालाही हात लावलेला नव्हता. नुसते जे खोटे होते त्यांतलेच. मी खोटं लिहिलंय हे जगात मला एकटीला माहीत होतं, आणि आता ते कुणीतरी माझ्याच लिपीत दगडावर लिहून ठेवलं होतं. मी बाहीने सतराही पुसले आणि पुन्हा 'ख' केले. एवढ्या घाईत की खडू दोनदा मोडला.

जेवायला आम्ही गाडीत गेलो. बाबांनी हीटर बंद केला होता, आणि त्या शांततेत आम्हाला दोघांनाही ऐकू आलं. ठक्. मग थोडा वेळ काही नाही. मग ठक्. पुलाच्या बाजूने, सावकाश, एकेका दगडाला वेळ देत. बाबा चहाचं झाकण हातात धरून ऐकत राहिले. "कुणीतरी ठोकून राहिलंय," ते म्हणाले, आणि लगेच मान कलती करून, "हा बद्द होता." आम्ही उतरून गेलो तोवर आवाज थांबला होता. वाटेवर फक्त आमचीच सकाळची पावलं. आणि माझ्या काठावर, सतराच्या सतरा दगडांवर, ताजा 'ब'. खडूची भुकटी अजून खाली पडत होती. बाबांनी पुढच्या आकड्यांकडे पाहिलं, ते सरकले नव्हते. माझ्या तीन थरांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, कारण ते मी केले होते.

घरी आल्यावर बाबांनी आईला आकड्यांचं सांगितलं. आई कधी फार देवभोळी नव्हती, पण तिने आधी माझी दृष्ट काढली आणि मग बाबांना म्हणाली, "ज्या वाटेवर कोणी जात नाही, तिथं जाऊन खडूने नावं काय घालता? आकडे इंग्रजीत टाका." जणू तिथं लिहिणाऱ्याला इंग्रजी आलं नसतं! रात्रभर पाइप वाजत राहिले आणि मी उशी कानावर घेऊन पडले.

रिपोर्ट सोमवारी द्यायचा होता. डगने शुक्रवारीच बाबांकडून तोंडी विचारून घेतलं होतं आणि बाबांनी वही बघून सांगितलं होतं की तिसऱ्या पुलाचा पलीकडचा काठ उत्तम आहे. पुढच्या आठवड्यात गावातल्या शाळेची मुलं कंदील घेऊन त्या वाटेवरून चालणार होती, उद्घाटन म्हणून. रविवारी दुपारी बाबा टेबलावर कागद पसरून बसले, इस्त्रीचा शर्ट घालून. घरात बसून रिपोर्ट लिहायला इस्त्रीचा शर्ट! आई भजी तळत होती आणि मधेमधे वाकून कागद बघत होती. "लायसन्स आलं की आधी त्या कारखान्याचे मोजे मी जाळणार आहे," ती म्हणाली. तेल तापल्याचा आवाज, बाबांच्या पेनाचा आवाज. मग बाबा स्वतःशीच वाचत गेले, "एकशे अडतीस ते एकशे नव्वद, सर्व खणखणीत," आणि मला दिसलं की त्याखाली ते सही करणार आहेत.

"बाबा, जरा बाहेर या नं," मी म्हणाले. गाडीपाशी नेऊन मी सगळं सांगितलं. फोनचं, मॉलचं, सतरा दगडांचं, पुसल्याचंही. वाटलं होतं ते ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं, "किती दगड ठोकलेच नाहीत?" मी म्हटलं, बहुतेक तीस. ते आत गेले, आईला "साइटवर एक गोष्ट बघायची राहिली" म्हणाले आणि दोन्ही हातोड्या घेऊन आले.

आम्ही वाटेवरून पुलाशी आलो आणि ठक् ऐकू आलं. या वेळी ते थांबलं नाही. आम्ही खडीवर एवढे करकर पाय वाजवत उतरलो तरी थांबलं नाही. पलीकडच्या काठावर, पाण्याच्या कडेला, शिकाऱ्याचा भगव्या रंगाचा मोठा कोट घातलेली एक अगदी लहानखुरी म्हातारी उभी होती. हातात लोखंडी टोकाची काठी. ती काठीने दगड ठोकायची आणि दुसऱ्या हाताचा तळवा त्याच दगडावर सपाट ठेवून डोळे मिटायची. बाबांनी हाक मारली. तिने ऐकलं नाही. आम्ही अगदी समोर गेल्यावर ती दचकली नाही, फक्त आमच्या हातातल्या हातोड्यांकडे बघून हसली. "यू आर द नंबर्स," ती म्हणाली.

तिला ऐकू येत नव्हतं, गेली कित्येक वर्षं. बाबांचे ओठ बघून ती बोलत होती. नाव ग्वेन. ओढ्याच्या वरच्या अंगाला तिचं शेत, ती काठाकाठाने पाण्यातून यायची आणि तशीच परत जायची, म्हणून वाटेवर पावलं नव्हती. तिच्या आजोबांनी हा पूल बांधला होता. ते वेल्समधून आलेले पाथरवट. तिकडे डोंगरांत त्यांच्या बापाने बांधलेले पूल होते, पाटीच्या दगडाच्या खाणींतून माल नेणाऱ्या वाटांवरचे. खाणी मिटल्या, वाटांवर गवत आलं, आता त्या पुलांवरून फक्त मेंढ्या जातात, असं तिला तिकडच्या भावंडांनी कळवलं होतं. बाबांनी आकड्यांचं विचारलं. ती म्हणाली, आकडे एका संध्याकाळी उलगडले. ओळीने एकशे नव्वद घातलेत, कुणालाही उलगडतील. अक्षरांसाठी मात्र दगडांनाच विचारावं लागलं, एकेक ठोकून.

मग तिने माझ्याकडे पाहिलं. बाबांच्या एका दगडावर बोट ठेवलं, तिथे हातोडीचा छोटा पांढरा व्रण होता. मग माझ्या दगडावर. तिथे आकडा होता, अक्षर होतं, व्रण नव्हता. "मला वाटलं, पोरीला स्वतःच कळेल," ती बाबांना म्हणाली. "दुसऱ्यांच्या मुलांना मी रागवत नाही." बाबांनी मान हलवली. मी ओढ्याकडे बघत होते.

आम्ही तिघांनी ते सगळे दगड पुन्हा केले. बाबा कानाने, ती हाताने, आणि मी लिहीत होते. सतरा बद्द निघाले. सगळे एकमेकांना लागून, बरोबर जिथून कमान उठते तिथे. तिने बाबांचा हात धरून तिथल्या एका दगडावर दाबला. बाबांनी मग माझाही दाबला. आतून, बारीक, पाणी चालल्याचं जाणवत होतं. एवढा मोठा पूल, आणि त्याच्या आत काहीतरी हळूहळू चालत होतं. तो स्पर्श आजही मला कधीकधी भिंतीला हात टेकताना आठवतो आणि मी हात काढून घेते.

बाबांनी तिथूनच डगला फोन लावला. स्पीकरवर, कारण त्यांचे हात ओले होते. त्यांनी सांगितलं की तिसरा पूल उघडता येणार नाही, काठ आतून पोकळ झालाय. डग म्हणाला, "शुक्रवारी तर तू उत्तम म्हणालास. मी गावाला सांगून बसलोय. तो काठ कुणी तपासला होता?"

मी तोंड उघडलं. बाबांनी ओला हात वर करून मला थांबवलं.

"मी," ते म्हणाले. "आय डिड. सम स्टोन्स आय डिड नॉट टेस्ट. आय वॉज केअरलेस."

डगने रिपोर्ट घेतला, पूल बंद ठेवला, कंदिलाची मिरवणूक गावातल्या रस्त्यावरून गेली. बाबांना त्याने सभ्यपणे कळवलं की न ठोकलेले दगड ठोकले म्हणून लिहिणाऱ्या माणसासाठी तो अनुभवाचं पत्र देऊ शकत नाही. त्याचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. बाबा आणखी तीन वर्षं प्लास्टिकच्या कारखान्यात राहिले. लायसन्स मिळालं तोवर त्यांचे गुडघे गेले होते आणि पुलाखाली उतरायचं काम त्यांना कुणी दिलं नाही, ते ऑफिसात बसून दुसऱ्यांचे रिपोर्ट तपासत. त्या रविवारी घरी येताना ते मला एवढंच म्हणाले, "आईला माझी चूक झाली असंच सांगायचं. तिला तू रोज दिसतेस, मी शिफ्टला असतो."

आईने ते माफ केलं नाही. ती भांडणारी बाई नव्हती, पण टोचायची. मीठ कमी पडलं आणि बाबा बोलले की, "तुम्ही तरी कुठे सगळे दगड ठोकले होते?" पाहुण्यांसमोर, "यांनी एक शनिवार नीट काम केलं असतं तर आज…" बाबा हसून वाटी पुढे करायचे. वर्षानुवर्षं. मी तिथेच बसलेली असायचे, कधी शाळेच्या, कधी युनिव्हर्सिटीच्या, कधी माहेरपणाच्या सुट्टीत, आणि दर वेळी वाटायचं की आता सांगावं, आणि दर वेळी बाबा माझ्याकडे बघायचे, अगदी सहज, नको म्हणून. ते गेले तेव्हाही मी सांगितलं नाही. दहाव्याच्या गर्दीत कसं सांगणार, असं मी स्वतःला समजावलं, पण गर्दी ओसरूनही आता नऊ वर्षं झाली.

आई आता सत्तरीला आली आहे. डोळ्यांनी दिसत नाही फारसं, कान उत्तम. काल दुपारी मी तिला इथवर लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर तिने पाणी मागितलं, प्यायली, भांडं माझ्या हातात परत दिलं.

"म्हणजे मी त्यांना इतकी वर्षं उगीच बोलत राहिले गं," ती म्हणाली. "आणि तू ऐकत बसायचीस."